मागे यावं लागू नये म्हणून

माझ्या दोघा नातवंडांनो,

हे मी डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. आत तुमचे आजोबा आहेत. त्यांचं रक्त यंत्रातून फिरून, स्वच्छ होऊन परत अंगात यायला सकाळ संपते. तोवर इथे बसायचं. पूर्वी मी वाचायला पुस्तक आणत असे, पण एक पान वाचलं की आतून काही आवाज आला का म्हणून मान वर होते आणि पुन्हा तेच पान वाचावं लागतं. लिहिताना निदान कुठवर आले ते दिसतं.

आताच का लिहिते, तर थोरल्या बाईसाहेबांनी परवा पाठवलेल्या व्हिडिओमुळे. तुझं लायसन्स झालं याचा मला आनंद आहे. पण एक हात खिडकीबाहेर, मागे मैत्रिणी ओरडतायत, आणि गाडीचा काटा कुठे थरथरत होता तेही मला चष्मा लावून दिसलं. मी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहू शकले नाही. आजोबांनी मात्र पाहिला, पुन्हा लावायला सांगितला, आणि म्हणाले, "पिकअप बघ काय आहे." खाली तू लिहिलं आहेस की डिसेंबरात आलीस की आजोबांची गाडी तूच चालवणार.

फोनवर रागवायला गेलं की तुमचं चित्र थिजतं, माझं अर्धं वाक्य तिकडे पोचतं आणि तुम्ही दोघं हसता. म्हणून लिहिते. मराठी वाचताना अडलात तर बाबाकडून वाचून घ्या. त्याला काही गाळू मात्र देऊ नका, कारण यातलं निम्मं आम्ही त्यालाही सांगितलेलं नाही.

आजोबांना डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली हे तुम्हाला माहीत आहे. थळच्या कारखान्यात आयुष्यभर यंत्रांवर काम केलेला माणूस. गाडीचा आवाज ऐकून कुठला पट्टा ढिला झालाय ते सांगायचे. चावी त्यांनी माझ्याकडे दिली, पण आठवडाभर अंगणात जाऊन बॉनेट उघडायचे आणि बंद करायचे. मग मूत्रपिंडांनी दगा दिला आणि बुधवार-शनिवार अलिबागला येणं सुरू झालं. बोलावलं की येणारे एक ड्रायव्हर होते, ते मुलाकडे पनवेलला राहायला गेले. तुमचा बाबा तिकडून सांगत होता की मोबाइलवरून टॅक्सी मागवा. नागावच्या आमच्या आळीत टॅक्सी मागवून बघ म्हणावं. रिक्षा मिळते, पण रिक्षात आजोबांना धक्के सोसत नाहीत, आणि परतताना तर अंगात बसून राहण्याइतकीही ताकद नसते.

याच काळात एका बुधवारी ते उठलेच नाहीत. मी फाइल, शाल, पाण्याची छोटी बाटली सगळं पिशवीत भरून उभी होते. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मला आता पुरे झालं." रागाने नाही, दमून नाही, जेवताना भात नको म्हणावं तसं. त्या दिवशी आम्ही गेलो नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, एखादा वार चुकला तर चालून जातं, सवय लागली तर नाही.

शेजारच्या वाडीतली मुलगी तुम्हाला आठवत असेल. मागच्या खेपेला तुम्हाला नारळाच्या झावळीवर बसवून ओढत होती, ती. आता ती अलिबागला कॉलेजात आहे, एकोणीस वर्षांची. तिच्या वडिलांनी वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आहेत. तिचं लायसन्स नुकतंच झालं होतं, पण बाप आपल्या गाडीला हात लावू देईना. त्या चुकलेल्या बुधवारनंतरच्या शनिवारी ती सकाळी आली आणि दारातून म्हणाली, "आजी, चावी दे. मी नेतो आबांना. माझं कॉलेज हाय, तुमचं हॉस्पिटल हाय."

आमच्या भागात मुलीही पुष्कळदा अशा 'नेतो, जातो' म्हणतात, तुम्ही हसू नका.

आजोबा उठले. गाडी कोण चालवतंय ते बघायला म्हणून उठले, आणि पुढच्या सीटवर बसले.

ती गाडी चालवत नव्हती, उडवत होती. फाटकातून बाहेर पडली की आळीच्या तोंडाशी एक लांब हॉर्न, आणि मग मोठा रस्ता येईपर्यंत तिचा पाय वर येत नसे. दोन्ही बाजूंना वाड्यांचे गडगे, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणं, एका बाजूला पाण्याचा पाट, मध्ये एक गाडी आणि वर एक सायकल जेमतेम मावेल एवढी वाट. आरशात गडग्यावरचं शेवाळ हिरव्या रेघेसारखं पळायचं. मी मागच्या सीटवर वरची कडी धरून बसायची. आक्षीच्या पुलाजवळ तिने एकदा वाळूच्या डंपरला असं मागे टाकलं की समोरून येणाऱ्या एसटीचा चालक काय म्हणाला ते त्याच्या ओठांवरून कळलं. एका कोळिणीला पाटी सावरत पाटात उतरावं लागलं. ती मागून ओरडली, "डोळं हायत का बटणं?" आजोबा खूश होऊन हसले. किती दिवसांनी हसले ते माझ्या लगेच लक्षात आलं, आणि तिथेच माझं तोंड बंद झालं.

कारण त्यानंतरच्या बुधवारी ते माझ्याआधी तयार होते. शनिवारीही. पायात बूट घालून पायरीवर बसलेले, मनगटावरचं घड्याळ बघत. माझ्या शाळेच्या नोकरीवरून चिडवत म्हणत, "चला इन्स्पेक्टरीणबाई, घंटा झाली." गाडीत बसले की विचारत, "आज पुलाआधी किती जणांना गाठायचं?" ती म्हणे, "आबा, तुम्ही नुसतं बोट दाखवा." दोघांचं संगनमत होतं. मी हळू चालव म्हटलं की "हो आजी" म्हणून ती पुढच्या वळणापर्यंत हळू चालवायची. तिच्या आईला सांगून पाहिलं. ती हसून म्हणाली की काकी, तुम्ही आहात म्हणून जरा धाक तरी आहे. आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुला भीती वाटत असेल तर डोळे मिटून बस."

डोळे मिटून बसले की जास्त वेगात चाललोय असं वाटायचं.

आता माझी अडचण समजून घ्या. मी तिला थांबवलं तर गाडी थांबते. गाडी थांबली तर हे पुन्हा भिंतीकडे तोंड करतात. आणि नाही थांबवलं तर? आजोबांच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, फुगलेली शीर आहे. तुम्ही मागे विचारलं होतं की तिथे साप आहे का. शस्त्रक्रिया करून ती तशी मुद्दाम केलेली आहे, तिला फिस्टुला म्हणतात. तिच्यावर बोट ठेवलं की आत यंत्र चालल्यासारखी थरथर लागते. ती थरथर आहे तोवर सुई टोचता येते, रक्त बाहेर काढता येतं. त्या हाताला मार लागून ती बंद पडली तर पुढचं सगळं अवघड. म्हणून ते गाडीत तो हात छातीशी धरून बसतात, तान्हं मूल धरावं तसा. मी मागून त्या हाताकडे बघत असायची. रस्त्याकडे नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी मला झोप लागेनाशी झाली. दिवसाही कुठे लांब हॉर्न वाजला की मी भाजी चिरता चिरता थांबायची. शेजारी बाळंतपण असलं की बाईचं असं होतं, तसं माझं झालं होतं. काय व्हायचं आहे ते माहीत, केव्हा ते माहीत नाही.

आता तुम्हाला आळीतली रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या आळीत समोरासमोर दोन गाड्या आल्या की पुढे जायला जागा नसते. म्हणून आळीत शिरण्याआधी तोंडाशी एक लांब हॉर्न द्यायचा आणि थांबायचं. पलीकडून उत्तराचा हॉर्न आला तर आत कुणीतरी आहे, त्याला येऊ द्यायचं. नाही आला तर शिरायचं. आणि तरीही गाठ पडलीच, तर ज्याच्या पाठीमागे वाडीचं फाटक जवळ आहे त्याने मागे जाऊन फाटकात गाडी घालायची आणि दुसऱ्याला वाट द्यायची. यात मोठा-लहान, गावचा-परका असं काही नाही. पूर्वी बैलगाड्यांचीही हीच रीत होती असं सासूबाई सांगत. फाटकं त्यासाठी दिवसा उघडीच असत. आता खोल्या बांधणाऱ्यांनी लोखंडी फाटकं बसवली, ती बंद असतात. आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या सकाळपासून विनाकारण हॉर्न वाजवत समुद्रावर जातात. त्यात उत्तराचा हॉर्न कुठला आणि हौसेचा कुठला, कळत नाही.

आमची ही शेजारची मुलगी हॉर्न द्यायची. थांबायची मात्र नाही.

तो शनिवारच होता. आळीच्या मधोमध, चाफ्याच्या वळणावर, समोरून एक नवी कोरी गाडी आली. बॉनेटवरचा झेंडूचा हार अजून सुकला नव्हता, नंबराच्या पाटीवर हळदकुंकू होतं. आमच्या पोरीने ब्रेक दाबला. पाटाच्या पाण्याने ओल्या झालेल्या पानांवरून गाडी घसरली आणि डावीकडे गडग्याला घासत जाऊन थांबली. समोरची गाडीही थांबली, मध्ये हातभर जागा राहिली. आजोबा पट्ट्यात होते तरी पुढे गेले, आणि त्यांचं डावं कोपर दारावर आपटलं. तो आवाज लहान होता. मी मागून वाकून त्यांचा हात धरला आणि शिरेवर बोटं ठेवली. माझीच बोटं इतकी कापत होती की थरथर कुणाची ते कळेना. मी श्वास धरला. मग लागली. होती.

"आहे," मी म्हटलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

समोरच्या गाडीत चार मुलगे होते. चालवणारा तुमच्यातल्या थोरलीच्याच वयाचा. काच खाली करून तो आम्हाला मागे जायला खुणावू लागला. खरं तर तो चुकत नव्हता. त्याच्या मागे आणखी गाड्या येऊन लागल्या होत्या, आणि आमच्या मागे थोड्याच अंतरावर एका जुन्या वाडीचं फाटक उघडं होतं. रीतीप्रमाणे मागे आम्हीच जायचं होतं.

पोरगी हलली नाही. तिने हॉर्नवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला. समोरच्यानेही ठेवला. आवाज ऐकून वाड्यांमधून माणसं आली, मागच्या गाड्यांतली उतरली, स्कूटरवाले थांबले. बघता बघता आठ-दहा बाप्ये काचेभोवती. घे मागं, काट डावीकडं, अगं उलटं काट, असं सगळे एकदम सांगत होते. कुणी म्हणालं पोरीच्या हातात गाडी दिली की असंच. एकाने तर दाराला हात घातला आणि म्हणाला, "उतर बाय, मी काढून देतो."

तिने आतून दार लॉक केलं. हॉर्नवरचा हात काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, मला रिव्हर्स येत न्हाय."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. मग लायसन्स कसं मिळालं, मी विचारलं. टेस्टला एकदाच घ्यायचा होता, तेव्हा आला, ती म्हणाली. त्यानंतर पहिल्याच आठवड्यात, बाप अजून गाडी देत होता तेव्हा, बाजारात वडापावच्या गाडीपुढे तिला मागे घ्यावी लागली होती. दोनदा गाडी बंद पडली. तेवढ्यात एका माणसाने खिडकीतून हात आत घालून, तिचे हात स्टिअरिंगवर असतानाच, ते फिरवलं. गाडी निघाली आणि बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचं कौतुक म्हणून नाही, त्याचं.

"तेव्हापासून मी ठरवलं," ती म्हणाली, "फास्ट जायचं. आधी पोचलं की मागं यायला लागत न्हाय."

तेव्हा मला एकेक गोष्ट जुळली. हॉस्पिटलात ती गाडी नेहमी लांबच्या झाडाखाली लावायची, जिथून सरळ पुढे निघता येतं, आणि आम्हाला तेवढं चालायला लावायची. मी ते सावलीसाठी समजत होते. आमच्या अंगणात ती गाडी वळवत नसे, विहिरीला पूर्ण फेरी मारून आणायची आणि माझी कर्दळ तुडवायची. मी ते माजोरीपणात जमा केलं होतं.

आजोबांनीही सगळं ऐकलं होतं. हात छातीशी धरून त्यांनी समोरच्या हाराकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी जिची मजा घेत होतो, ती तुझी पळापळ होती."

तिने ओढणीने नाक पुसलं.

मी खाली उतरले. बाहेर पडायला दार जेमतेम उघडत होतं, साडी गडग्याला अडकली. मी त्या सगळ्यांना सांगितलं की गाडी तीच मागे घेणार आहे, कुणी दाराला हात लावायचा नाही, आणि तिचं होईपर्यंत सर्वांनी तिच्याकडे पाठ करून उभं राहायचं. शाळेत पस्तीस वर्षं काढली की असं सांगताना आवाज आपोआप लागतो. तरी ते हसलेच. स्कूटरवरचा एक टारगट म्हणाला, "अंतरपाट धरू का, आजी?"

"धर," मी म्हटलं, "तुझ्या खांद्यावरचा टॉवेल चालेल. पण तोंड तिकडे."

हसता हसताच आधी तो वळला आणि मग बाकीचे. गडग्याला तोंड करून शाळेतली शिक्षा झाल्यासारखे उभे राहिले. समोरच्या गाडीतला एक मुलगा मोबाइल वर धरून चित्रण करत होता. मी उन्हासाठी छत्री नेते, ती उघडली आणि त्यांच्या काचेपुढे धरली.

छत्रीमागून मला काही दिसत नव्हतं, ऐकू तेवढं येत होतं. आजोबांचा आवाज येत होता, अगदी हळू. आरशात नको, मान वळव. मान वळवायची लाज नसते. क्लच अर्धा. अर्धा म्हटलं मी. गाडी बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. पाठमोऱ्यांपैकी कुणीतरी "डावीकडं" म्हणालं आणि दुसऱ्याने त्याला गप केलं. मग पत्रा दगडाला घासल्याचा लांबलचक आवाज आला, त्याने माझे दात शिवशिवले, आणि आरसा फुटला. मग पुन्हा आवाज नाही. मी छत्री बाजूला केली तेव्हा गाडी फाटकात गेलेली होती. तिरकी, एक चाक अळवाच्या वाफ्यात, पण आत.

सगळ्या गाड्या निघून गेल्या. हारवाल्या गाडीतला चालवणारा जाताना "थँक यू आजी" म्हणाला. तो कशाबद्दल म्हणाला कोण जाणे. बाप्ये पांगले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

त्या दिवशी ती अलिबागपर्यंत सायकलच्या वेगाने आली. आम्हाला उशीर झाला, यंत्र दुसऱ्याला दिलं होतं, आणि पुढचं यंत्र रिकामं होईपर्यंत आम्ही याच बाकावर बसून राहिलो. सिस्टरने हात तपासला. कोपर निळं झालं होतं, शीर ठीक होती. आजोबा म्हणाले, "बुधवारी मी येणार नाही."

ते म्हणाले, त्या पोरीला माझ्यापायी जीव मुठीत धरून पळवायचं नाही. मी म्हटलं रिक्षा सांगते. रिक्षा नको. मग दुसरा ड्रायव्हर शोधते. नको. कारण बदलत होतं, उत्तर तेच होतं. मला कळलं की हे पोरीबद्दल नाही. वेग संपला होता, आणि वेग नसला की उरतं ते नुसतं सुई टोचून घ्यायला जाणं.

मंगळवारी मी बाबाला फोन लावला आणि हवामानाबद्दल बोलून ठेवला.

बुधवारी सकाळी ते पडूनच होते, तोंड भिंतीकडे. मी पिशवी भरली, पुन्हा रिकामी केली, पुन्हा भरली. ती मुलगी आली. मी दारातच सांगितलं की आबा येत नाहीत म्हणतायत. तिने आत डोकावून पाहिलं, खुंटीवरची चावी घेतली आणि अंगणात गेली. मला वाटलं, एकटीच कॉलेजला निघाली.

गाडी सुरू झाली. पण विहिरीला फेरी मारल्याचा आवाज आला नाही. गिअर पडल्याचा खर्रकन आवाज आला, आणि गाडी मागे येताना कण्हते तशी कण्हायला लागली. बंद. पुन्हा सुरू. ती फाटकातून गाडी उलटी बाहेर काढत होती. इंजिन ओरडत होतं आणि चाकं हलत नव्हती. जळल्याचा वास खिडकीतून आत आला. बादली आडवी झाली.

आजोबांनी भिंतीकडचं तोंड न वळवता विचारलं, "काय करतेय ती?"

मी म्हटलं, बघत नाहीये.

पुन्हा इंजिन ओरडलं. "क्लच जाळतेय," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "क्लच जाळतेय मेली." मग उठून बसले, आणि मग चप्पल न घालता पायरीवर गेले. तिथून त्यांनी जे ओरडायला सुरुवात केली, तो आवाज मी विसरले होते. पाय वर घे. रेस कशाला देतेस, रेस न देता येते ती. तीही आतून ओरडत होती, "मंग या की इथं, तिथनं काय बोंबलता!" पायरीवरून ते अंगणात, अंगणातून गाडीशी, आणि शेवटी दार उघडून आत बसले. मी पिशवी आणि त्यांचे बूट घेऊन धावले, नाहीतर मला सोडूनच गेले असते.

यावरून सगळं सुरळीत झालं असं समजू नका. आजोबांनी तिला देवळाच्या पटांगणात दोनदा शिकवलं आणि दोन्ही वेळा भांडण करून परत आले. बाकीचं ती स्वतःच शिकली, आळी उठायच्या आत, कुणी बघत नसताना. आता ती हॉर्न देते आणि थांबते. आजोबा मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे हेव्याने बघतात आणि म्हणतात की बैलगाडी यापेक्षा बरी. ती म्हणते, "आबा, लई बोललात तर उतरून रिक्षा सांगीन." 'पुरे झालं' हे त्यांनी त्यानंतरही म्हटलं आहे. पावसाळ्यात एकदा, आणि अगदी या दिवाळीतही. दर वेळी माझी पिशवी भरून तयार असते आणि दर वेळी मला वाटतं, आज ते खरंच उठणार नाहीत. अजूनही लांब हॉर्न ऐकला की हातातलं काम थांबतं. ते आता जाईल असं वाटत नाही.

थोरले, मी तुला गाडी चालवू नको म्हणत नाही. डिसेंबरात ये. चावी मी तुझ्या हातात देईन. पण आधी तू आमच्या अंगणातून ती गाडी उलटी काढून दाखवायची, मान वळवून, आणि आम्ही सगळे तुझ्याकडे पाठ करून उभे राहू. तुला वेग आवडतो की कशापासून तरी पळायचं आहे, ते मला फोनवर कळत नाही. कदाचित तुलाही कळत नसेल. त्या व्हिडिओत तू हसत होतीस. आमची शेजारची मुलगीही हसत असे.

सिस्टर बोलवायला आली होती, म्हणून मध्ये उठून गेले. सुया काढल्या, पट्टी बांधली. मुलगी कॉलेजातून आली आहे आणि खाली थांबली आहे.

आजोबा आहेत. दमले आहेत, चहा हवा म्हणतात, पण आहेत.